लवारकाठचे वाकलेले गलबत

फ्रान्सच्या पश्चिमेस लवार नदी जेथे अटलांटिक महासागरास मिळते, तेथून सुमारे 50 किलोमीटर आत नाँत हे प्राचीन बंदर आहे. अठराव्या शतकात गुलामांच्या अमानुष व्यापारातून गबर झालेल्या या शहराचे भाग्य नदीच्या पात्रावर अवलंबून होते, आणि पात्रात साठणारा गाळ कोणाचाच मुलाहिजा राखत नव्हता. जहाजे जसजशी मोठी झाली तसतशी ती मुखाशी सँ-नाझेर येथेच थांबू लागली. तेव्हा नाँतचा व्यापार वाचवण्यासाठी सरकारने दक्षिण तीरालगत 15 किलोमीटर लांबीचा मार्तिनिएर कालवा खोदण्याची तजवीज केली. 1882 साली आरंभलेले हे काम 1892 साली तडीस गेले.

परंतु पुढे नदीचेच पात्र खोल करण्यात आले, आणि एवढ्या खर्चाने सिद्ध झालेला जलमार्ग पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच ओस पडला. शिडाच्या जहाजांना कापलेल्या अंतराच्या हिशेबाने खजिन्यातून रक्कम देणारा 1893 चा कायदा झाल्यामुळे नाँतच्या मालकांनी वाफेच्या युगातही अशी जहाजे मोठ्या संख्येने बांधवून घेतली होती. केप हॉर्नला वळसा घालून चिलीचा सोरा वाहून आणणारी ती उत्तुंग गलबते महायुद्धानंतर मालवाहतूक मंदावताच या निरुपयोगी कालव्यात रांगेने बांधून ठेवण्यात आली, आणि समुद्र पुन्हा न पाहताच त्यांतील कित्येक भंगारात निघाली.

याच कालव्याच्या ल पेलरँ येथील दरवाजांपाशी 2007 साली, एस्त्युएर या कलामहोत्सवाच्या निमित्ताने, ऑस्ट्रियन शिल्पकार एर्विन वुर्म याने एक शिडाची होडी काठावर ठेवली, जिचे पुढचे अंग हाडे नसलेल्या देहासारखे वाकून पाण्याकडे झुकले आहे. ज्या नाँतमध्ये 1916 साली लष्करी रुग्णालयात आंद्रे ब्रतों आणि जाक वाशे यांची भेट होऊन अतिवास्तववादाच्या एका प्रेरणेचा उगम झाला, त्याच्या परिसरात असे स्वप्नवत् शिल्प उभे राहावे हे मला सर्वथा उचित वाटते. तथापि त्याचे खरे सामर्थ्य मी कल्पनेच्या चमत्कृतीत मानत नाही. मालकांचे हिशेब आणि सरकारी हुकूम यांच्यापायी ज्या जहाजांना येथे बांधलेल्या अवस्थेत पडून राहावे लागले, त्यांची पाण्याची ओढ त्या वाकलेल्या सांगाड्यात प्रत्यक्ष झाली आहे. दफ्तरांत कालव्याची लांबी आणि मंजुरीची साले सापडतात. वाया गेलेल्या श्रमांचे दुःख नोंदवण्याचे काम कलेलाच करावे लागते, आणि ते तिने घडल्या जागीच करावे.