मोडेम कार्ड, लॅपटॉपमधील (लिनक्सवरील सुसंगती)

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटशी जोडून देणारे, लॅपटॉपमध्ये अंगभूत असलेले किंवा बाजूच्या खाचेत बसवायचे कार्ड. पूर्ण मोडेममध्ये संदेशप्रक्रियक व नियंत्रक दोन्ही कार्डावरच असतात आणि लिनक्सला तो साध्या सिरियल पोर्टसारखा दिसतो. १९९० नंतरच्या दशकात खर्च वाचवण्यासाठी यांतले एक किंवा दोन्ही भाग गाळून त्यांचे काम मुख्य प्रोसेसरवर चालणाऱ्या विंडोज ड्रायव्हरकडे देण्यात आले. अशा कार्डांना ‘विनमोडेम’ म्हणतात. हे मुळात यूएस रोबोटिक्सचे व्यापारचिन्ह.

निदान : वेष्टनावरील नावापेक्षा आतली चिप महत्त्वाची. अंगभूत मोडेमचा उत्पादक-क्रमांक ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने कळतो (लूसंटचा ११सी१). मात्र मोडेम ध्वनी-नियंत्रकाच्या एसी-९७ जोडणीवर असेल, तर या यादीत केवळ नियंत्रक दिसतो, पलीकडची चिप नाही. पोर्ट सापडल्यावर मिनिकॉममधून ‘एटी’ टंकल्यास ‘ओके’ उमटले पाहिजे. डायल करताना ‘नो डायलटोन’ आले, तर तार ठीक असूनही मोडेमला स्थानिक एक्सचेंजचा स्वर ओळखता येत नसण्याची शक्यता असते. ‘एटीएक्स३’ दिल्यास तो स्वराची वाट न पाहता क्रमांक फिरवतो.

पीसीएमसीआयए कार्डे : १६-बिट कार्डांपैकी बरीचशी पूर्ण मोडेम असत. डेव्हिड हाइंड्स यांच्या पीसीएमसीआयए-सीएस संचातील ‘कार्डएमजीआर’ कार्ड खाचेत जाताच आवाज देई : दोन उंच बीप म्हणजे कार्ड ओळखले व जुळले, एक उंच, एक खालचा म्हणजे ओळखले, पण जुळले नाही, एकच खालचा म्हणजे ओळखलेच नाही. कर्नल २.६.१३ पासून हे काम पीसीएमसीआययूटिल्सकडे गेले.

ड्रायव्हर व परवाने : लूसंटच्या (नंतर अगेर) एलटी चिपसाठीच्या ‘एलटीमोडेम’चा गाभा केवळ बायनरी रूपात मिळे; भोवतीचा मूळ कोड प्रत्येक कर्नलसाठी नव्याने कंपाइल करावा लागे. त्यामुळे कर्नल बदलला की चालता मोडेम बंद पडे. कोनेक्संट चिपांसाठी कॅनडातील लिनक्संट कंपनीचा ड्रायव्हर होता. त्याची विनामूल्य आवृत्ती १४.४ केबीपीएसवर मर्यादित होती. २००४ मध्ये त्याच्या परवाना-ओळीत ‘जीपीएल’ या अक्षरांनंतर शून्य-वर्ण घातलेला आढळला. कर्नल तेथेच वाचणे थांबवी आणि ड्रायव्हर मुक्त असल्याचे धरून चाले. वापरकर्ते वारंवार येणाऱ्या इशाऱ्यांनी गोंधळू नयेत म्हणून तसे केले, असे कंपनीचे म्हणणे होते. कर्नल-विकासकांपैकी अनेकांना ते पटले नाही.

स्मार्ट लिंक : ‘एसएलमोडेमडी’ हा कार्यक्रम अल्साच्या ध्वनी-ड्रायव्हरमार्फत चाले, देशाचे नाव आज्ञेतच देता येई.

आयबीएम : थिंकपॅड ६०० मधील एमवेव्हचा ड्रायव्हर कर्नलमध्ये समाविष्ट झाला.

फ्रीबीएसडी : लूसंट चिपसाठी ‘एलटीएमडीएम’ हा पोर्ट.