सोयाबीन तेलाची मेदाम्ल-रचना

सोयाबीनच्या दाण्यातील तेल कोणत्या मेदाम्लांचे व किती प्रमाणात बनलेले आहे, यास त्या तेलाची मेदाम्ल-रचना असे म्हणतात. ही रचना मुख्यतः दोन गोष्टींनी ठरते : वाणाची आनुवंशिकता आणि दाणा भरत असतानाचे हवामान. तेल किती काळ टिकेल, तळणास कितपत योग्य ठरेल आणि किती लवकर खवट होईल, हे या रचनेवर अवलंबून असते.

सर्वसाधारण रचना

सोयाबीनच्या कोरड्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. प्रचलित वाणांच्या तेलात पामिटिक आम्ल ११, स्टिअरिक ४, ओलेइक २३, लिनोलेइक ५४ आणि लिनोलेनिक ८ टक्क्यांच्या आसपास आढळते. यांपैकी पहिली दोन संतृप्त आहेत. ओलेइक आम्लाच्या रेणूत एक, लिनोलेइकच्या रेणूत दोन व लिनोलेनिकच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात. दुहेरी बंध जितके अधिक, तितकी हवेतील ऑक्सिजनशी होणारी अभिक्रिया वेगवान. त्यामुळे लिनोलेनिक आम्लाचा वाटा लहान असला तरी तेल खवट होण्यास तेच अधिक कारणीभूत ठरते.

यावर कारखानदारांचा जुना उपाय अंशतः हायड्रोजनीकरणाचा होता. त्याने तेल टिकाऊ झाले, परंतु हृदयास अपायकारक अशी ट्रान्स मेदाम्ले त्यात निर्माण झाली. अंशतः हायड्रोजनीकृत तेले सुरक्षित मानता येत नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये दिला. भारतात जानेवारी २०२२ पासून तेले व मेदांतील ट्रान्स मेदाम्लांची मर्यादा २ टक्के करण्यात आली. जे काम कारखान्यात होत असे ते दाण्यातच व्हावे, या दिशेने पैदासकारांच्या प्रयत्नांना त्यामुळे बळ मिळाले.

आनुवंशिकता

दाण्यात ही आम्ले एकापासून एक अशी साखळीने तयार होतात. एफएडी२ हे विकर ओलेइक आम्लात दुसरा दुहेरी बंध घालून त्याचे लिनोलेइक बनवते, तर एफएडी३ तिसरा बंध घालून लिनोलेनिक बनवते. पहिले विकर दुबळे झाले की ओलेइक आम्ल साचते. दुसरे दुबळे झाले की लिनोलेनिक घटते.

मात्र सोयाबीनच्या पूर्वजात संपूर्ण जनुकसंच दुपटीने वाढल्याच्या घटना घडून गेल्या आहेत. त्यामुळे त्याच्या बहुतेक जनुकांच्या एकाहून अधिक प्रती आढळतात. दाण्यात प्रामुख्याने कार्य करणारी एफएडी२–१ए व एफएडी२–१बी अशी दोन जनुके आहेत. एक बंद पडले तरी दुसरे काम पुढे चालवते. जपानमधील सागा विद्यापीठात क्ष-किरणांच्या साहाय्याने मिळवलेल्या ‘एम२३’ या उत्परिवर्तित वाणात पहिले जनुक नाहीसे झालेले आहे. त्याचे ओलेइक प्रमाण ५० टक्क्यांच्या जवळपास जाते, पण हवामानानुसार बरेच बदलते. दोन्ही जनुकांतील उत्परिवर्तने संकराने एकत्र आणल्यास हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते, असे २०१० च्या सुमारास अमेरिकेतील मिसुरी येथील संशोधनातून दिसून आले. हाच परिणाम जनुकीय परिवर्तनाने आणि जनुक-संपादनानेही साधला गेला असून, संपादित सोयाबीनचे तेल अमेरिकेच्या बाजारात २०१९ मध्ये आले. एफएडी३ च्या तीन जनुकांतील उत्परिवर्तने एकत्र केल्यास लिनोलेनिक सुमारे १ टक्क्यापर्यंत खाली येते.

भारतात जनुकीय परिवर्तित सोयाबीनच्या लागवडीस परवानगी नाही. इंदूरच्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेने पारंपरिक पैदास पद्धतीने तयार केलेल्या ‘एनआरसी १४७’ या वाणात ओलेइक आम्ल सुमारे ४२ टक्के आहे.

तेलाचे एकूण प्रमाण ही याहून अवघड बाब आहे. ते अनेक जनुकांच्या लहानलहान परिणामांनी ठरते. शिवाय तेल वाढले की प्रथिने घटतात. १५ व्या आणि २० व्या गुणसूत्रांवरील काही जनुकस्थाने एकाच वेळी दोहोंवर विरुद्ध परिणाम करतात. रानटी सोयाबीनमध्ये तेल कमी व त्यातील लिनोलेनिक आम्ल जास्त असते. लागवडीखाली येताना मानवाने मोठ्या व तेलकट दाण्यांची निवड केली असावी.

हवामान

दाणा भरण्याच्या काळातील तापमान हा सर्वांत प्रभावी घटक होय. उष्णता वाढली की ओलेइक वाढते, लिनोलेइक व लिनोलेनिक घटतात. थंडीत याउलट घडते. एफएडी२–१ए हे विकर अधिक तापमानात लवकर विघटित होते, हे यामागील एक कारण आहे. दोन्ही एफएडी२ जनुके निकामी असलेल्या वाणांत हा चढउतार फारच थोडा राहतो, कारण तेथे उष्णतेने बिघडण्याजोगे विकरच शिल्लक नसते. पामिटिक व स्टिअरिक आम्लांवर तापमानाचा परिणाम तुलनेने कमी होतो.

तेलाचे एकूण प्रमाण साधारणपणे २५ ते २८ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वाधिक असते. त्याहून तीव्र उष्णतेत ते घटते. याच काळात पाण्याचा ताण पडल्यास दाणे बारीक राहतात, तेल कमी होते आणि प्रथिनांचा टक्का वाढतो. एकाच झाडाच्या शेंड्याकडील व बुडाकडील शेंगांतही फरक असतो : वरच्या दाण्यांत सामान्यतः प्रथिने अधिक, तेल कमी.

विदर्भ व मराठवाड्यात खरिपाचे सोयाबीन जून-जुलैत पेरले जाते आणि दाणा ऑगस्ट-सप्टेंबरात भरतो. नेमका याच वेळी पावसाचा मोठा खंड पडला, तर उत्पन्नाबरोबर तेलाचा उताराही घसरतो. म्हणून एका हंगामातील किंवा एका ठिकाणच्या नमुन्यावरून वाणाची मेदाम्ल-रचना ठरवणे योग्य नव्हे. अनेक ठिकाणी, अनेक वर्षे चाचण्या घ्याव्या लागतात.

बाजारातील स्थान

महाराष्ट्रातील बाजार समित्यांत सोयाबीनचा भाव ओलावा, माती-काडीकचरा व डागी दाणे पाहून ठरतो. मेदाम्ल-रचना विचारात घेतली जात नाही. अमेरिकेत उच्च-ओलेइक सोयाबीन कराराने पिकवून घेतात, ते साध्या मालात मिसळू नये म्हणून वेगळे साठवतात आणि शेतकऱ्यास नेहमीच्या दरावर अधिक रक्कम देतात.