कपबशीपासून गल्ल्यापर्यंत

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा चिटणीसांचा निरोप आला तेव्हा मला एका गणेशोत्सवातील महाप्रसादाची पंगत आठवली. वाढपी सारे सभासदच. कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी निवृत्त. वरणभात वाढून झाला, जिलबी आली, तरी मीठ आणि लिंबाची फोड कोणाच्याच पानात पडलेली नव्हती. चूक सर्वांना दिसत होती. परंतु कोणी कोणाला सांगावे? पगारी नोकराला हुकूम सोडणे सोपे असते. बरोबरीच्या माणसाकडून काम करून घेणे, आणि त्याने ते राग न मानता करणे, ही निराळीच विद्या आहे. आपल्या देशात उपाहारगृहाच्या धंद्यात ही विद्या ज्यांनी कोणत्याही विद्यालयात न जाता आत्मसात केली, त्या कॉफी हाउसच्या कामगारांची हकीकत येथे सांगावीशी वाटते. बदलीच्या नोकरीत ज्या ज्या गावी बिऱ्हाड मांडले, त्यांपैकी बहुतेक गावी पहिली ओळख त्यांच्याच टेबलावर झाली, हेही एक कारण आहेच.

या गृहांचा जन्म मात्र सरकारी. १९३०च्या सुमारास जागतिक मंदीमुळे कॉफीचे भाव कोसळले आणि म्हैसूर-कूर्गकडील मळेवाले अडचणीत आले. १९३५ साली कॉफीवर उपकर बसविणारा कायदा झाला. त्यातून नेमलेल्या समितीने देशातच कॉफीचा खप वाढवावा म्हणून १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले ‘इंडिया कॉफी हाउस’ उघडले. चहाबाज मुंबईकरांना कॉफीची चटक लावण्याचा तो उद्योग होता. पुढे १९४२च्या कायद्याने कॉफी बोर्डाकडे सूत्रे गेली व मोठमोठ्या शहरांतून अशी गृहे निघाली. पांढरा शुभ्र पोशाख, कमरेला पट्टा आणि पंख्यासारखा तुरा काढलेली पगडी घातलेला वाढपी ही त्यांची खूण झाली. त्या वाढप्याचे काम एवढेच, की गिऱ्हाइकाने मागितलेले आणून द्यावे. दूध कोणाकडून घ्यायचे, साखरेचा साठा किती ठेवायचा, पगारपत्रक कसे करायचे, हे सारे अधिकाऱ्यांच्या हाती.

१९५०नंतरच्या दशकाच्या मध्यास बोर्डाने ही गृहे बंद करण्यास आरंभ केला. मी स्वतः केंद्र सरकारचा नोकर असल्याने असले निर्णय कागदावर किती निर्दोष दिसतात, हे मला ठाऊक आहे. प्रचाराचे काम झाले, उपाहारगृहे चालविणे हे काही बोर्डाचे काम नव्हे, टिपणी बिनतोड! परंतु ज्याने उमेदीची वर्षे कपबशा उचलण्यात घालविली, त्याने परमुलखात जावे कोठे? बहुतेक कामगार दक्षिणेतले आणि नोकरी दिल्ली-कलकत्त्यास. घर सोडून पोटासाठी दूर आलेल्या माणसाची ती अवस्था आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागू नये.

कामगारांच्या संघटनेने झगडा केला. लोकसभेतील कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना जो सल्ला दिला तो मात्र नेहमीच्या चळवळीच्या पठडीतला नव्हता. नोकऱ्या परत मागू नका, सहकारी संस्था काढा आणि गृहेच चालवायला घ्या! त्याप्रमाणे ऑगस्ट १९५७ मध्ये बंगलोरला पहिली संस्था नोंदली गेली, आणि ऑक्टोबरात दिल्लीत कामगारांचे स्वतःचे कॉफी हाउस सुरू झाले. केरळात १० फेब्रुवारी १९५८ रोजी संस्थेची नोंदणी होऊन ८ मार्चला त्रिचूर येथे पहिली शाखा उघडली. तेथील कामगार पुढारी एन. एस. परमेश्वरन पिल्लै यांनी या चळवळीचा इतिहास पुढे मल्याळम्‌मध्ये ग्रंथरूपाने लिहिला. नावात ‘इंडिया’चे ‘इंडियन’ झाले. एका अक्षराचा फरक, पण मालक बदलला होता.

खरी परीक्षा येथून पुढे. सहकारी संस्थेत सभासद संचालक निवडतात, संचालकांच्या धोरणाने व्यवस्थापक काम पाहतो, आणि हा व्यवस्थापक ज्यांच्यावर देखरेख करतो ते पुन्हा सभासदच! कालपर्यंत शेजारी उभा राहून बशा पुसणारा आज आपल्या हजेरीची वही तपासतो, हे दोघांनाही जड जाते. त्यावर या संस्थांनी काढलेला मार्ग म्हणजे माणूस आतूनच वर चढवायचा. साफसफाई, मग वाढप, मग गल्ला, मग देखरेख. केरळात तर पट्ट्याच्या आणि पगडीवरील फितीच्या रंगावरून दर्जा ओळखू येतो.

याचे मर्म मला १९९७ साली समजले. आमच्या कार्यालयाच्या उपाहारगृहाचे मानद चिटणीसपद तेव्हा माझ्या गळ्यात पडले होते. बी. ए.ची पदवी आणि तरुण वय. मी उशिरा येणाऱ्या आचाऱ्यास लेखी ज्ञापन दिले. परिणाम असा झाला, की आचारी वेळेवर येऊ लागला आणि आमटी पाण्यासारखी होऊ लागली! त्याच सुमारास जबलपूरच्या कॉफी हाउसमध्ये एका वयोवृद्ध व्यवस्थापकांची ओळख झाली. पोरवयात कप विसळण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. माझे गाऱ्हाणे ऐकून ते हसले आणि आपल्या मल्याळी वळणाच्या हिंदीत मला त्यांनी एकच विचारले, तो आचारी राहतो कोठे आणि येतो कसा? मला ठाऊक नव्हते. त्यांच्याकडे पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावलेला असे आणि रविवारच्या गर्दीच्या पाळीत पहिले नाव त्यांचे स्वतःचे. नव्या पोराची चूक गिऱ्हाइकासमोर काढायची नाही, रात्री गल्ला एकट्याने मोजायचा नाही, आणि फुटलेल्या कपाची नोंद फोडणाऱ्याने स्वतः करायची, असे त्यांचे नियम. दुसऱ्या दिवशी मी चौकशी केली. आचाऱ्याची सकाळची बसच बंद झाली होती. त्याची वेळ अर्ध्या तासाने पुढे नेली. आमटी पूर्ववत झाली.

तिरुवनंतपुरमला तंपानूर येथे लॉरी बेकर यांनी बांधलेले कॉफी हाउस ज्यांनी पाहिले असेल, त्यांना तो विटांचा गोल मनोरा आठवत असेल. आत मजले नाहीतच. वळत वळत चढत जाणारी एकच उतरण आणि तिच्या कडेने बसण्याच्या जागा. भरला ट्रे घेऊन ती चढ-उतर दिवसभर करणाऱ्याची पाळी केव्हा बदलावी, हे ज्याने ती स्वतः केली आहे त्यालाच नेमके कळणार.

सारेच गोड होते असे नव्हे. केरळात कितीतरी वर्षे वाढपी म्हणून पुरुषच दिसत. समतेच्या पायावर उभ्या राहिलेल्या संस्थांना ही गोष्ट खटकायला हवी होती. दरपत्रक स्वस्त ठेवण्याच्या हट्टापायी डागडुजीला पैसा पुरत नाही, हेही अनेक ठिकाणी डोळ्यांना दिसते. शिवाय शहरातील मोक्याच्या जागांचे भाडे! बंगलोरच्या महात्मा गांधी रस्त्यावरील जुने कॉफी हाउस एप्रिल २००९ मध्ये जागा सोडावी लागल्याने बंद झाले, तेव्हा नित्याच्या गिऱ्हाइकांनी शेवटच्या कॉफीसाठी गर्दी केली होती. संस्थेने जवळच चर्च स्ट्रीटवर पुन्हा बस्तान बसविले.

जबलपूरचे ते व्यवस्थापक पुढे निवृत्त झाले. माझी बदली होण्यापूर्वी मी निरोप घ्यायला गेलो, तेव्हा गल्ल्यावर दुसरेच गृहस्थ होते. त्यांना मी ओळखले, कारण वर्षभरापूर्वी तेच माझ्या टेबलावर डोसा आणून देत असत. भिंतीवरच्या तक्त्यात रविवारच्या पाळीत पहिले नाव आता त्यांचे होते.