अंगावर बाळगावयाची सोनोग्राफी

मनुष्याच्या कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनीनें शरीराचा अंतर्भाग पाहतां येतो, ही गोष्ट आतां खेड्यापाड्यांतही ठाऊक आहे. तेरणेच्या कांठच्या माझ्या माकणी गांवीं ‘सोनोग्राफी’ हा शब्द ज्वारी-तुरीइतका परिचित आहे. मात्र या यंत्राचा इतिहास, आणि त्यांतील महाराष्ट्राचा भाग, फारसा कोणाच्या ध्यानांत नसतो.

१८८० सालीं फ्रान्समध्यें पिएर व जाक क्युरी या बंधूंना आढळून आलें कीं, विशिष्ट स्फटिकांवर दाब दिला असतां विद्युत् प्रकट होते. उलट, त्यांस विद्युत् दिली कीं ते थरथरतात. पहिल्या महायुद्धाच्या काळांत पोल लांजव्हॅं यांनीं हा गुण पाणबुड्या शोधण्याकडे लावला. ध्वनि पाठवावा, प्रतिध्वनि किती वेळानें परततो तें मोजावें, व त्यावरून अंतर काढावें, मर्म एवढेंच. विहिरींत हांक मारणाऱ्या पोरास तें समजावून सांगावें लागत नाहीं.

पुढें अमेरिकेंत डग्लस हाउरी यांनीं रोग्यास चक्क पाण्यानें भरलेल्या टांकींत बसवून त्याच्या शरीराचीं चित्रें घेतलीं. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनल्ड यांनीं कारखान्यांत धातूंतील दोष शोधणारें यंत्र पाहिलें, आणि तेंच तत्त्व स्त्रियांच्या उदरांतील गांठी तपासण्यास वापरलें. त्यांचा निबंध १९५८ सालीं ‘लॅन्सेट’ नियतकालिकांत आला. प्रसूतिशास्त्रांत त्यानंतर क्रांति झाली.

श्रोतेहो, टांकीएवढें तें यंत्र आतां कातडीस चिकटूं लागलें आहे. २०१८ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनीं मानेवर लावून रक्तदाब मोजणारी पट्टी केली. २०२२ सालीं एम. आय. टी. संस्थेंत टपालाच्या तिकिटाएवढी चकती तयार झाली. ती ४८ तास अंगावर राहून हृदय व फुप्फुसें दाखवूं शके, परंतु तारांनीं मोठ्या यंत्रास जोडलेली होती. २०२३ सालीं त्याच संस्थेच्या जनान दादेव्हिरेन यांनीं स्तनांतील गांठी लवकर दिसाव्या म्हणून अंतर्वस्त्रास जोडावयाची पट्टी बनविली. एका आप्त स्त्रीच्या कर्करोगानें झालेल्या मृत्यूमुळें त्या या कामाकडे वळल्या.

इकडे आपल्याकडे निराळीच कथा घडली. गर्भाचें लिंग सांगण्याचा धंदा मुंबईंत माजला, तेव्हां स्त्री-संघटनांच्या चळवळीनंतर १९८८ सालीं महाराष्ट्रानें देशांतील पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही महाराष्ट्रांत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागें १९९१ सालीं ९४६ मुली होत्या, त्या २०११ सालीं ८९४ उरल्या. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत अवघ्या ८०७! म्हणून कायद्यानें यंत्रास जागेशीं जखडलें. प्रत्येक यंत्राची नोंद, प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा लेखी तक्ता, आणि २०१२ पासून हातीं नेतां येणाऱ्या यंत्रावरही नोंदलेल्या आवाराचें बंधन, कांहीं ठराविक सोयी सोडून.

हीं बंधनें मला अन्यायाचीं वाटत नाहींत. पदराआड लपेल असें यंत्र नोंदीवांचून हिंडूं लागलें तर काय होईल, हें बीडचा आंकडा सांगतो. परंतु तपासणीसाठीं एस. टी. नें शहर गांठणाऱ्या, त्या दिवसाचा रोजगार गमावणाऱ्या खेडवळ बाईचाही विचार नको काय? हृदयाची वा स्तनाची पट्टी गर्भ दाखविण्यास असमर्थ अशी घडवितां येईल काय, हें नमुन्याच्या अवस्थेंतच पाहावयास हवें. अमेरिकेच्या प्रयोगशाळेंत हा प्रश्न सुचण्याचें फारसें कारण नाहीं. पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांस तो टाळतां यावयाचा नाहीं.