‘बाय हूम’ म्हणजे ‘कोनं’

‘हू ब्रोक द प्लेट?’ हे वाक्य पॅसिव्ह करा. उत्तर: ‘बाय हूम वॉज द प्लेट ब्रोकन?’

मराठी माध्यमात शिकलेल्या कुणालाही हा प्रश्न ओळखीचा असेल, मग शाळा दर्यापूरची असो की दापोलीची. साधं वाक्य उलटवणं एक वेळ जमतं, पण प्रश्नार्थक वाक्य आलं की गाडी अडते. ‘डिड’ कुठं गेला? ‘वॉज’ पुढं का आला? ‘हू’चा ‘हूम’ कसा झाला? शेवटी पाठांतर कामी येतं: ‘हू’ दिसला की ‘बाय हूम’ लिहायचं, पुढं जायचं.

आता दर्यापूरच्या एखाद्या स्वयंपाकघरात जा. बशी फुटल्याचा आवाज आला की माय विचारते, ‘बशी कोनं फोडली?’ या वाक्याकडे जरा थांबून बघा. ‘फोडली’ हे क्रियापद बशीच्या मागे चाललंय. बशीऐवजी गिलास असता तर ‘फोडला’ झालं असतं. फोडणारा पोरगा होता की पोरगी, याचं क्रियापदाला काही देणंघेणं नाही. आणि ‘कोनं’ म्हणजे ‘कोण’ला लागलेली तृतीया, म्हणजे शब्दशः ‘कोणाकडून’. म्हणजेच ‘बाय हूम’. प्रमाण मराठीत ‘कोणी’ म्हटलं की हा प्रत्यय पटकन दिसत नाही. वऱ्हाडी ‘कोनं’मध्ये तो उघड दिसतो. ‘मी’च्या जागी ‘म्या’ म्हणणारी म्हातारी माणसं अजून खेड्यांत भेटतात. ‘म्या’ हेही ‘मी’चं जुनं तृतीयेचं रूप. आपण त्याला गावंढळ म्हणून हसतो, पण व्याकरण तिथंच जास्त शाबूत राहिलंय.

ही रचना आली कुठून? संस्कृतात ‘तेन पुस्तकं पठितम्’ असं म्हणत: त्याच्याकडून पुस्तक वाचलं गेलं. प्राकृतांत भूतकाळाची जुनी रूपं मागे पडत गेली आणि हीच रचना रोजची झाली. तिचंच आजचं रूप म्हणजे ‘त्यानं पुस्तक वाचलं’. हिंदीतला ‘ने’ही याच रचनेत बसतो. वर्तमानकाळासाठी जुन्या मराठीत वेगळी कर्मणी रूपंही होती: करिजे, बोलिजे, देइजे. संस्कृतातल्या ‘क्रियते’सारख्या रूपांची ती वारसदार. शाळेच्या व्याकरणात त्यांना ‘पुराण कर्मणी’ म्हणतात.

या जुन्या मराठीचं एक मोठं घर अमरावती जिल्ह्यातच आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपूरला म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. शिष्यांनी विचारावं आणि चक्रधरांनी सांगावं, असे किती तरी प्रसंग त्यात आहेत. याच महानुभाव परंपरेतल्या भीष्माचार्यांचं ‘पंचवार्तिक’ मराठीच्या सर्वांत जुन्या व्याकरणांत मोजलं जातं. म्हणजे प्रश्न कसा विचारावा आणि वाक्य कसं बांधलं जातं, या दोन्हींचा विचार या मुलखाला नवा नव्हता.

मग इंग्रजी आली. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ काढलं, तेव्हा ते विशीतच होते. संज्ञा संस्कृतातल्या, पण समोर साचा इंग्रजी व्याकरणाचा. त्या इंग्रजी व्याकरणाचा साचा तरी स्वतःचा कुठं होता? रॉबर्ट लोथ (१७६२) आणि लिंडली मरे (१७९५) यांच्या पुस्तकांवर लॅटिनची दाट छाया होती. लॅटिनमध्ये क्रियापदाचा शेवट बदलला की ॲक्टिव्हचं पॅसिव्ह होतं. इंग्रजीत तसा शेवट नाही, तिथं ‘वॉज’ आणि ‘ब्रोकन’ जोडून काम भागवावं लागतं. तरी लॅटिनच्या वर्गातली रूपं बदलण्याची कवायत इंग्रजीच्या वर्गात आली आणि तिथून आपल्याकडे.

१८५३ च्या तहानं वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. इंग्रजी येणाऱ्याला कचेरीची दारं उघडी झाली. पुढं नेसफिल्डचं व्याकरण आलं, १९३०च्या दशकात रेन आणि मार्टिनचं. यातला पी. सी. रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ या गाजलेल्या साहसी कादंबरीचा लेखक. भारतात शिक्षणखात्यात नोकरी केलेला माणूस. ‘चेंज द व्हॉइस’ पिढ्यान्‌पिढ्या घटवून घेतलं ते अशा पुस्तकांनी.

या प्रवासात एक गफलत झाली. ‘व्हॉइस’ म्हणजे ‘प्रयोग’ आणि ‘पॅसिव्ह’ म्हणजे ‘कर्मणी’, असं समीकरण बसलं. पण दोन्ही एक नाहीत. ‘पोरानं बशी फोडली’ या वाक्यात क्रियापद बशीचं ऐकत असलं तरी वाक्याचा धनी पोरगाच असतो, त्याला गाळलं की वाक्य अधुरं वाटतं. इंग्रजी पॅसिव्हमध्ये बशी पुढं येते आणि पोरगा मागं जातो, इतका की ‘बाय द बॉय’ खोडलं तरी चालतं. या दुसऱ्या रचनेसाठी मराठीनं ‘मारला गेला’, ‘बांधण्यात आली’ अशी वाक्यं जास्त वापरात आणली. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यांना हा ‘नवीन कर्मणी’ किंवा ‘कर्मकर्तरी’ म्हणून पाठ असतो.

प्रश्नांचं कोडंही इथंच सुटतं. मराठीत प्रश्न करायला शब्द हलवावे लागत नाहीत: ‘बशी फोडली’ला ‘का’ जोडला की झालं. इंग्रजीत सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. ‘डिड ही ब्रेक द प्लेट?’मधला ‘डिड’ केवळ त्या जागेसाठी उसना आणलेला. पॅसिव्हमध्ये ‘वॉज’ घरचाच असतो, म्हणून ‘डिड’ला रजा: ‘वॉज द प्लेट ब्रोकन बाय हिम?’ आणि ‘हू’ आला तर? इतर वाक्यांत ‘बाय’चा भाग गाळता येतो, इथं नाही, कारण करणारा कोण हाच तर प्रश्न आहे.

हे फक्त मार्कांपुरतं नाही. दर्यापुरातून जाणारी मूर्तिजापूर–अचलपूर नॅरोगेज, आपली शकुंतला, कापसासाठी बांधण्यात आली. आता ती बंद आहे. ‘बांधण्यात आली’ म्हटलं की बांधणारी कंपनीही दिसत नाही आणि रूळ टाकणारे मजूरही नाहीत. ‘बंद करण्यात आली’ म्हटलं की निर्णय घेणारा दिसत नाही. ‘पंचनामा करण्यात आला’, ‘अर्ज नामंजूर करण्यात आला’, ‘चौकशी करण्यात येईल’: सरकारी कागदांची ही आवडती भाषा. करणाऱ्याला वाक्याबाहेर ठेवायची सोय त्यात आयती मिळते.

शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या लोकांनाच प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. भाषा साधी वऱ्हाडी असे. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्याच विद्यापीठाच्या भागातल्या वर्गांत ‘बाय हूम’ शिकवताना फळ्यावर शेजारी ‘कोनं’ लिहिलं, तर पोरांच्या लक्षात येईल की हे आपल्याला येतच होतं. शिवाय कागदावर ‘करण्यात आले’ दिसलं की पुढचा प्रश्न त्यांना आपोआप सुचेल: कोनं केलं?