टर्बोचार्जर व डिझेल पिकअपची क्षमतावाढ

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये दाबाखाली हवा भरणारे साधन म्हणजे टर्बोचार्जर. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. दाबाने तापलेली हवा इंटरकूलरमध्ये थंड होऊन दाट होते. त्यामुळे अधिक डिझेल पूर्ण जळते व ताकद वाढते.

मालवाहू डिझेल पिकअपना ही ताकद कामी येते. पालघर जिल्ह्यात तारापूर औद्योगिक वसाहतीचा माल, सातपाटीची मासळी व डहाणू-घोलवडचे चिकू वाहण्यास पिकअप सोयीचे पडतात. बोईसर-चिल्हार रस्ता त्यांना मुंबई-अहमदाबाद महामार्गाशी जोडतो. पालघर-मनोर मार्गावर वाघोबा घाटाचा चढ लागतो. महिंद्रा बोलेरो पिकअपच्या २,५२३ घ.सेंमी. इंजिनाला टर्बो कारखान्यातूनच बसवलेला असतो.

क्षमतावाढीसाठी मोठा टर्बो वा इंटरकूलर बसवतात, किंवा ईसीयूमधील (इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकातील) इंधन व दाबाची गणिते बदलतात (रिमॅपिंग). हवेच्या मानाने डिझेल जास्त झाल्यास काळा धूर येतो. टर्बोचे सील गळून ऑइल जळल्यास निळसर धूर येतो. जादा दाबाने हेड गॅस्केट, पिस्टन व क्लचवर ताण येतो. चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद केल्यास टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल करपते. म्हणून गाडी थोडा वेळ आयडलवर ठेवतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलास मनाई आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे धूर-शुद्धीकरण यंत्रणा काढणे किंवा बंद करणेही नियमबाह्य ठरते.