मांजराची आंघोळ : गरज, तयारी आणि दक्षता

मांजर हा स्वतःची स्वच्छता स्वतः राखणारा प्राणी आहे. जागेपणीचा बराच वेळ ते अंग चाटण्यात घालवते. त्याच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक, कठीण काटे असतात. या काट्यांची टोके पन्हळीसारखी पोकळ असून ती लाळ केसांच्या मुळापर्यंत पोहोचवतात, असे अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे आखूड केसांच्या निरोगी मांजराला नेमाने आंघोळ घालण्याची आवश्यकता नसते.

मात्र, याच सवयीमुळे अंगाला लागलेला प्रत्येक पदार्थ अखेर मांजराच्या पोटात जातो. आंघोळ केव्हा घालावी, कोणता साबण वापरावा आणि अंग किती काळजीपूर्वक धुवावे, या सर्व प्रश्नांची उत्तरे या एका गोष्टीवर अवलंबून असतात.

आंघोळ केव्हा आवश्यक?

वाहनाखाली बसल्याने लागलेले वंगण, अंगावर सांडलेले पेट्रोल, ओला रंग किंवा फरशी पुसण्याचे फिनाईल ही तातडीची कारणे होत. अशा वेळी मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून प्रथम चाटण्यापासून रोखावे, भांडी घासण्याच्या सौम्य द्रवसाबणाने तो भाग धुवावा आणि विलंब न लावता पशुवैद्यकाशी संपर्क साधावा. फणसाचा चीक किंवा उंदरांसाठी ठेवलेल्या सापळ्यातील गोंद केसांना चिकटल्यास खोबरेल तेल चोळून तो मऊ करावा, मग अंग धुवावे. त्यासाठी रॉकेल किंवा टर्पेंटाइन कदापि वापरू नये.

वार्धक्य, स्थूलपणा वा सांधेदुखीमुळे स्वतःचे अंग चाटता न येणारी मांजरे, जुलाबाने माखलेली मांजरे आणि पर्शियनसारख्या लांब केसांच्या जाती यांनाही अधूनमधून आंघोळ लागते. गजकर्णासारख्या बुरशीजन्य रोगात पशुवैद्यक औषधी शाम्पू सुचवतात. हा रोग माणसांनाही होत असल्याने हातमोजे घालूनच काम करावे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लांचे अंग चटकन गार पडते. त्यांना शक्यतो ओल्या, कोमट कापडाने पुसावे आणि पिसवा बारीक दातांच्या फणीने काढाव्यात.

भीतीचे मूळ

पाळीव मांजराचे पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशांतील रानमांजरे होत. मांजराचे दाट आतील केस पाणी धरून ठेवतात. त्यामुळे अंग जड होते आणि लवकर वाळत नाही. तथापि, न्हाणीघरात मांजर बिथरते ते केवळ पाण्यामुळे नव्हे. पायाखालची घसरडी फरशी, नळाचा आवाज, अंगावर येणारी धार आणि निसटायला वाट नसणे या गोष्टी त्याला अधिक घाबरवतात. त्या आधीच दूर केल्यास निम्मे काम होते.

पूर्वतयारी

एक-दोन दिवस आधी नखांची टोके कापावीत. आंघोळीपूर्वी केस विंचरून गुंते सोडवावेत, कारण ओले झाल्यावर ते अधिक घट्ट होतात. मांजराला खेळवून थोडे दमवणेही उपयोगी पडते. टबच्या तळाशी रबरी चटई किंवा घडी केलेला टॉवेल ठेवावा, म्हणजे पंजे घसरणार नाहीत. मांजराला आणण्यापूर्वीच टबात त्याच्या पोटाला जेमतेम लागेल इतके कोमट पाणी भरून नळ बंद करावा. मांजराच्या शरीराचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. पाणी त्याच्या आसपास, हाताला सुखद लागेल असे असावे. शाम्पू, तांब्या, दोन-तीन टॉवेल व आवडीचा खाऊ हाताशी ठेवून खिडक्या-दारे लावावीत.

प्रत्यक्ष आंघोळ

मांजराला छातीखाली व मागील पायांखाली आधार देत सावकाश पाण्यात ठेवावे. मानेची कातडी धरून लोंबकळत उचलू नये, त्याने भीती वाढते. तांब्याने मानेपासून शेपटीकडे हळूहळू पाणी ओतावे. डोक्यावर पाणी ओतू नये. चेहरा ओल्या कापडाने पुसावा आणि कानांत पाणी जाऊ देऊ नये. थोडा शाम्पू पाण्यात मिसळून केसांच्या दिशेने लावावा. स्वच्छ पाण्याने किमान दोनदा धुवावे, कारण उरलेला फेसही चाटला जातो. सर्व काम पाच-दहा मिनिटांत आटोपावे. औषधी शाम्पू मात्र सांगितलेल्या वेळेपर्यंत अंगावर राहू द्यावा.

कान मागे चिकटणे, शेपूट आपटणे आणि गुरगुरणे हे थांबण्याचे इशारे होत. तोंड उघडून धापा टाकणे हे गंभीर लक्षण समजून आंघोळ तत्काळ थांबवावी व पशुवैद्यकाला विचारावे. मांजर चावल्यास वा ओरखडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे.

काय वापरू नये?

मांजराचे यकृत काही रसायनांचे विघटन नीट करू शकत नाही. कुत्र्यांच्या गोचिडांवरील अनेक औषधांत असणारे परमेथ्रिन हे त्यांपैकी एक. ते मांजराला लागल्यास थरथर, झटके आणि मृत्यूही संभवतो. म्हणून कुत्र्याचे औषध वा औषधी शाम्पू मांजराला कधीही लावू नये. फिनॉलयुक्त जंतुनाशके आणि टी ट्रीसारखी सुगंधी तेलेही विषारी ठरतात. माणसांच्या शाम्पूने त्वचा कोरडी पडते. मांजरांसाठीचा बिनवासाचा शाम्पू उत्तम.

आंघोळीनंतर

टॉवेलने न घासता दाबून पाणी टिपावे. पावसाळ्यातील दमट हवेत आतले केस उशिरा वाळतात, म्हणून मांजर पूर्ण कोरडे होईपर्यंत उबदार, वारा न लागणाऱ्या खोलीत ठेवावे. ड्रायरच्या आवाजाला घाबरत असल्यास तो टाळावा. घरात दुसरे मांजर असल्यास बदललेल्या वासामुळे ते फिस्कारू शकते. दोघांना काही तास वेगळे ठेवावे. शेवटी आवडीचा खाऊ देऊन मांजराला मोकळे सोडावे. एरवी आठवड्यातून दोन-तीनदा केस विंचरले, की बहुतेक मांजरांना पाण्याची गरजच भासत नाही.